भिजत घातलेले गहू

निर्मलेच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता, त्या आठवड्यात मी घरात पाच किलो गहू भिजत घातले. कुरडयांसाठी. गहू मायनं पाचोडहून पाठवले होते हे खरं, पण भिजवले मी, माझ्या या दोन हातांनी, आणि भिजवताना तोंडानं शीळही घालत होतो. ती शीळ आठवली की अजून कानशिलं तापतात.

ज्यांची कुरडईशी ओळख फक्त ताटातली आहे, त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. ताटातली कुरडई फार सोज्वळ. पांढरी, हलकी, जाळीदार. दाताखाली कुर्र वाजते आणि विरघळते. पण तिचं बालपण कुणी विचारू नये. गहू तीन दिवस पाण्यात राहतात. रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी ते नुसते ओले असतात. दुसऱ्या दिवशी फुगतात आणि आंबूस हुंकार देऊ लागतात. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं, की ओल्या बुटात कुणी आठवड्याचं ताक घुसळतंय असा वास उठतो. मग ते वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, शिजवायचा, आणि सोऱ्यात भरून गच्चीवरच्या उन्हात त्याची गोल वेटोळी घालायची. पोट धड असलेला माणूस हा वास सहन करतो, कारण पुढं काय मिळणार हे त्याला ठाऊक असतं. पोट धड असलेला माणूस.

आज सकाळी शेजारच्या गच्चीवरून तोच वास आला. चैत्र सरत आलाय. आमच्या सिडकोतल्या गल्लीत आता बहुतेक घरी कुरडया विकतच्या येतात, पण शेजारच्या काकू अजून स्वतः घालतात. वास आला तशी निर्मला उठली आणि न बोलता एकेक खिडकी लावत गेली. बाहेर ऊन मी म्हणतंय, आत सगळं बंद, डोक्यावर पंखा गरम हवा ढवळतोय, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं समोरासमोर बसलोय. मी अवाक्षर काढलं नाही. या विषयावर तोंड उघडायचा हक्क मी फार पूर्वी घालवला. लिहायचा हक्क काढून घ्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नसावं, म्हणून हे लिहितोय.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. पुढची खोली बसायची, मागची स्वयंपाकाची, तिच्याच कोपऱ्यात मोरी. शहागंजात राहायचं म्हणजे नाकानं राहायचं. पहाटे बेकरीचं ताजं खमीर, मग चामड्याची दुकानं उघडायची, दुपारी मसाल्याच्या गिरणीचा ठसका, संध्याकाळी भटारखान्यातली देग आणि तिच्यावर अत्तरवाल्याचा मोगरा. मला ते फार आवडायचं. पाचोडच्या मळ्यातून आलेल्या मला तो वास म्हणजे शहर वाटायचं. निर्मलेला दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि त्या गल्लीतला एकेक वास तिच्या अंगावर धावून यायला लागला.

पहिल्या वेळी, म्हणजे मंजूच्या वेळी, सकाळी थोडं मळमळायचं, बस. त्यामुळे दुसऱ्या वेळीही तसंच असणार असं मी गृहीत धरलं. गृहीत धरणं हा माझा हातखंडा होता. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, मग दहा वेळा, मग कुणी मोजायचं? मी तर मोजत नव्हतोच. अन्न गेलं, मग चहा गेला, मग लिंबूपाणी, मग नुसतं पाणी. शेवटी स्वतःची लाळ तिला गिळवेना. उशाशी एक फडकं ठेवून ती त्यात टिपत पडून राहायची. हातातल्या बांगड्या मनगटावर ठरेनात, हात वर केला की सरकत कोपरापर्यंत जायच्या. मी ते पाहिलं. पाहून मी काय म्हणालो असेन? ‘‘बांगड्या मोठ्या दिल्या वाटतं त्या कासारानं.’’

माझाही वास तिला सोसत नव्हता. डोक्याचं तेल, साबण, कपड्यांतला ऑफिसचा वास. मी दारात आलो की ती भिंतीकडं वळायची. आणि मी दुखावलो! होय, दुखावलो मी. जी बाई लाळ गिळू शकत नाही ती माझं स्वागत हसून करत नाही, म्हणून मी दोन दिवस घुम्यासारखा बसलो. आता त्या तरुण गृहस्थाच्या कानाखाली वाजवावी असं फार वाटतं, पण त्याचा गाल माझ्याच तोंडावर आहे.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. रोज सकाळी धरणांवरून फोन यायचे आणि कुठल्या धरणात किती पाणी उरलं ते मी एका मोठ्या वहीत उतरवायचो. उन्हाळ्यात तर या कामाला फार मान. साहेब स्वतः टेबलाशी येऊन विचारायचे, ‘‘कालच्यापेक्षा किती घटलं?’’ आणि मी मान वर न करता सांगायचो. बाष्पीभवनानं किती गेलं, कालव्यानं किती गेलं, सगळं तोंडपाठ. आणि घरी एक बाई सुकत चालली होती, हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत, आणि तिच्यात किती उरलंय हे विचारायला माझ्याकडं वही नव्हती.

लोकांचं काय विचारता! निर्मलेचं तोंड पाहून लोक हसायचे. वाईट हेतूनं नाही हो, कौतुकानं. ‘‘एवढ्या उलट्या म्हणजे पोराला दाट केस असणार.’’ ‘‘यावेळी मुलगा बरं का, मुलगाच आईला छळतो.’’ आणि पुढच्याच घरी, ‘‘मुलगीच बरं का, मुलीच छळतात.’’ एकीनं आवळासुपारी आणली, एकीनं आल्याचा पाक, एकीनं सांगितलं सकाळी उठल्याउठल्या कोरडी पोळी चावायची. कोरडी पोळी! जिच्या घशातून थेंब उतरत नाही तिनं कोरडी पोळी चावायची. आणि सगळ्यांचा शेवट एकाच वाक्यावर: ‘‘होतंच ते. सगळ्यांना होतं.’’ या ‘होतंच’ शब्दाचा मला आज जेवढा संताप येतो तेवढा मोठमोठ्या शिव्यांचा येत नाही. शिवी निदान समोरच्याला माणूस समजून दिलेली असते. ‘होतंच’ म्हटलं की समोरची बाई उरतच नाही, नुसती रीत उरते.

आपल्याकडं डोहाळ्यांचे केवढे लाड! हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा, चांदण्यातलं जेवण, नावेतलं जेवण. काय खावंसं वाटतं ते बाईला विचारायला सातव्या महिन्यात सगळं गोत जमतं. तिसऱ्या महिन्यात काहीच खाववत नाही तेव्हा गोत कुठं असतं? मोरीशी बसलेल्या बाईची पाठ चोळायला कुणी ओटी घेऊन येत नाही. तिथं होती एक पावणेचार वर्षांची पोर.

गल्लीतल्या आमच्या डॉक्टरांकडं मी तिला घेऊन गेलो होतो, नाही असं नाही. त्यांनी तिला तपासलं नाही, मला तपासलं. म्हणजे खुर्चीत मला बसवलं आणि विचारलं, ‘‘घरी काही वादावादी?’’ मी म्हटलं, ‘‘छे छे.’’ ते पुढं झुकून हळू आवाजात म्हणाले, ‘‘बाईंना मूल नको असलं की असं होतं. मन नको म्हणतं, पोट बाहेर टाकतं. तुम्ही समजवा.’’ निर्मला तिथंच, दोन हातांवर, पदरात तोंड खुपसून बसली होती. तिला ऐकू येत होतं. मी काय करायला हवं होतं? उठून निघायला हवं होतं. मी काय केलं? मान डोलावली, थँक यू म्हणालो, आणि घरी येऊन तिच्या उशाशी बसून अगदी प्रेमानं, अगदी समजूतदारपणे विचारलं, ‘‘निर्मला, तुला हे बाळ नकोय का?’’

ती काही बोलली नाही. बोलायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की उलटी. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं आणि मग भिंतीकडं वळली. त्या नजरेपुढं गहूबिहू काहीच नाही. गव्हांवरून ती आता चेष्टा करते. त्या प्रश्नाबद्दल मात्र इतक्या वर्षांत एकदाही बोललेली नाही.

आणि अशात माय! पाचोडच्या बाजाराच्या दिवशी तिनं एस.टी.च्या टपावरून गव्हाचं पोतं पाठवलं आणि आणणाऱ्या माणसाबरोबर निरोप: ‘‘कुरडयाचे हायेत. सूनबाईला म्हणावं, अक्षय तृतीयेच्या आत घाल.’’ मी बाजारातल्या दुकानी फोन लावून मायला बोलावून घेतलं आणि सांगितलं, निर्मलेला बरं नाही, यंदा कुरडया राहू दे.

फोनवर बोलताना माय नेहमी शेतातून हाक मारल्यासारखी ओरडायची. ‘‘आरं, राहू दे म्हंजी? ज्या घरी वरीसभरात कोन गेलं त्याच घरी कुरडई ऱ्हाती. लोक इचारतेल ना, कोन गेलं म्हनून!’’

‘‘अगं, पण ती उठू शकत नाही.’’

‘‘मी बी पाच लेकरं वागवली. डोक्यावर भारा अन् पोटात पोर. व्हतंच ते.’’

कोण गेलं म्हणून विचारतील! बस, तेवढ्या एका वाक्यानं मी गारद झालो. अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर नवी कुरडई नाही, शेजारच्या आयाबाया एकमेकींकडं पाहताहेत, हळूच विचारताहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं. कुणी जाऊ नये याची काळजी नाही, कुणी विचारू नये याची काळजी. मग माझ्या सुपीक डोक्यात विचार उगवला, की निर्मलेनं का करायचं? मीच करतो. पुरुषानं कुरडया घातल्या तर काय बिघडतं? मी स्वतःवर इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी ऑफिसात चारचौघांत सांगितलं, ‘‘यंदा बायकोला बोट लावू देणार नाही.’’ सगळ्यांनी वाहवा केली. साहेबसुद्धा म्हणाले, ‘‘असा नवरा मिळायला भाग्य लागतं.’’ आणि मी ते खरं मानलं.

गहू निवडले, धुतले, मोठ्या पातेल्यात भिजवले आणि पातेलं कुठं ठेवलं? मोरीशेजारी. जिथं ती दिवसातून वीसदा येऊन वाकायची, बरोबर तिथं. पाणी बदलायला सोयीचं म्हणून.

त्या दिवसांतलं एक चित्र आहे. मी संध्याकाळी आलो तर मंजू पुढच्या खोलीत फरशीवर खेळत होती. कापडी बाहुली तिनं वाटीवर वाकवली होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ‘‘झालं, झालं. अजून थोडं. आता चूळ भर.’’ हुबेहूब. मग बाहुलीला झोपवून तिनं फ्रॉकच्या घेरानं वाटी पुसली. बाजूला भिंतीला टेकून आमचा पितळी सोऱ्या उभा केलेला होता. तो मी आदल्या दिवशीच माळ्यावरून काढून चकचकीत घासून ठेवला होता.

मी विचारलं, ‘‘आणि हे कोण?’’

‘‘हे बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘ते नुसते उभे राहतात.’’

मी हसलो! काय गोड पोरगी आहे म्हणून हसलो, आणि ऑफिसात जाऊन तोही किस्सा सांगितला.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळपासून निर्मला जरा बरी होती; चमचा चमचा करत तिनं अर्धी वाटी पाणी पोटात ठेवलं होतं आणि ते तासभर राहिलं होतं. आज कळतं, ते अर्धी वाटी पाणी ही त्या घरातली सगळ्यात मोठी कमाई होती. मी मागच्या खोलीत गेलो, बाह्या सरसावल्या आणि पातेल्याचं झाकण काढलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. वास भिंतींना धडकून परत आला असं वाटलं. निर्मला पुढच्या खोलीतून भिंत धरत आली. मोरीपर्यंत पोचली, वाकली, ते अर्धी वाटी पाणी गेलं, मग हिरवं पित्त गेलं, आणि मग त्यात लाल रेघ दिसली. मंजू स्टुलावरून तांब्या घेऊन धावली. माझे हात कोपरापर्यंत गव्हात होते. आणि मी म्हणालो, ‘‘एक मिनिट थांब, एवढे उपसून घेतो आणि आलोच.’’

ती थांबली नाही. मोरीच्या कठड्यावर डोकं टेकवून हळूच खाली घसरली आणि तशीच पडून राहिली.

मंजूनं आरडाओरडा केला नाही. ती सरळ बाहेर गेली आणि भिंतीपलीकडच्या खालांना घेऊन आली. खाला म्हणजे आमच्या शेजारीणबाई. त्यांचे मिया शिवणकाम करायचे, मुलं मोठी झालेली. त्या आत आल्या, एकदा निर्मलेकडं पाहिलं, एकदा पातेल्याकडं, आणि मग माझ्याकडं. माझ्या कोपरांवरून आंबूस पाणी गळत होतं.

‘‘अजी ओ! गेहूँ के साथ अक्कल भी भिगा दिए क्या?’’

मी काहीतरी बोलायला गेलो. ‘‘खाला, वो अक्षय तृतीया...’’

‘‘चूप बैठो. रिक्षा बुलाते, कि मैं जाऊँ?’’ एवढं बोलून त्यांनी निर्मलेचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि पायानं पातेलं असं लोटलं की ते मोरीतच उपडं झालं. पाच किलो गहू. मी रिक्षाला धावलो. अनवाणी, आणि हाताला तो वास तसाच.

खालांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या छोट्याशा दवाखान्यात नेलं. बाई वयस्कर, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी निर्मलेच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. त्यांनी निर्मलेला विचारलं, ‘‘दिवसातून किती वेळा उलटी?’’

मी म्हणालो, ‘‘होतात चार-पाच वेळा.’’

बाईंनी वळूनही पाहिलं नाही. ‘‘उलट्या तुम्हाला होतात का?’’

‘‘नाही, पण...’’

‘‘मग थांबा.’’ निर्मलेला बोलवेना. तिनं बोटं दाखवली, दोन्ही हातांची, आणि मग पुन्हा दोन्ही हातांची. बाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मग मला विचारलं, ‘‘बरं, आता तुम्ही सांगा. लघवी शेवटची कधी झाली?’’

मी? मला काय माहीत! माझ्याकडं आदल्या सकाळची प्रत्येक धरणाची पातळी होती. मी निर्मलेकडं पाहिलं, तिचे डोळे मिटलेले. आणि माझ्या गुडघ्याजवळून आवाज आला, ‘‘आईनं काल सू नाही केली. परवा अंधार पडल्यावर केली. थोडीच. पिवळी होती.’’

बाईंनी चष्मा काढला. स्टूल ओढून मंजूच्या समोर बसल्या. त्यापुढचे सगळे प्रश्न त्यांनी तिला विचारले. आई पाणी किती पिते, उभी राहिली की काय होतं, बोलते का, रडते का. पोरीनं सगळं सांगितलं, एखाद्या वडीलधाऱ्या बाईसारखं, मध्येच आठवून दुरुस्त्या करत. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘अजून दोन दिवस घरी ठेवली असती तर बाळ सोडा, ही हाती लागली नसती.’’ मला म्हणाल्या नाहीत. खालांना म्हणाल्या. मी त्या हिशेबातच नव्हतो.

सलाईन लागलं. थेंब थेंब पडताना मी पाहत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पाणी उतरताना नव्हे, चढताना पाहत होतो. अर्ध्या दिवसानं निर्मलेच्या ओठांवरचे पापुद्रे मऊ झाले. तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, ‘‘मंजूनं काही खाल्लं?’’

मंजू खालांकडं होती. मी तिथं गेलो तेव्हा ती चौथी पोळी खात होती. बोलत नव्हती, मान वर करत नव्हती, नुसती खात होती. खालांचे डोळे भरलेले. ‘‘बच्ची भूकी है. एक दिन की भूक नहीं है ये.’’

आता माझी थोरवी ऐका. घरात शिजवल्याचा वास नको, निर्मलेला त्रास होतो, म्हणून मी तीन आठवडे बाहेर जेवत होतो. ऑफिसच्या कँटीनला दुपारी, शहागंजातल्या खानावळीत संध्याकाळी. याला मी त्याग समजत होतो. सकाळी मंजूपुढं दूध आणि पाव ठेवून जायचो, आणि बाकी दिवसभर घरात कुणीतरी तिला जेवू घालत असणार असं मानून चाललो होतो. कोण? कोण घालणार होतं? त्या घरात एक उठू न शकणारी बाई होती आणि एक सोऱ्या.

मी मंजूला विचारलं, ‘‘तू दुपारी काय खात होतीस, बेटा?’’

‘‘पोहे.’’

‘‘कोण करायचं?’’

‘‘कच्चे. डब्यातले.’’ मग तिनं मला समजेल अशा बेतानं सांगितलं, ‘‘चावलं की आवाज येतो ना, मग आईला उलटी होते. म्हणून तोंडात ठेवायचे. मऊ झाले की गिळायचे.’’

मी घरी गेलो. मोरीत गव्हांचा ढीग तसाच पडला होता, त्यावर माशा. ते मी उपसले, मोरी घासली, पातेलं घासलं, फरशी तीनदा पुसली. रडत होतो म्हणालो तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण खरं सांगायचं तर मी चिडलो होतो. कुणावर ते कळत नव्हतं. डॉक्टरवर, मायवर, साहेबांवर, आवळासुपारीवर, सगळ्यांवर आळीपाळीनं चिडून झालं, आणि दर वेळी राग फिरून माझ्याच दारात येऊन उभा राहायचा.

मायला कळवलं. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली. वाटलं, आता इथंही भारा आणि पाच लेकरं निघणार. मी मनात भांडणाची तयारी करून ठेवली होती. माय आली, निर्मलेच्या खाटेशी बसली, तिचा सुईनं काळानिळा झालेला हात मांडीवर घेतला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, ‘‘तुझ्या वक्ताला मला असंच झालतं.’’

‘‘मग तू सांगितलं का नाहीस कधी?’’

‘‘कोनाला सांगू? तुझ्या आजीनं गोठ्यात बाज टाकून दिली. घरात वास करती म्हनून.’’ तिनं निर्मलेच्या बांगड्या कोपरावरून हळूच खाली आणल्या. त्या पुन्हा सरकल्या. ‘‘म्हशी चांगल्या व्हत्या. त्या नाक नव्हत्या मुरडत.’’

भांडणाची माझी सगळी तयारी वाया गेली. मायला झालं होतं आणि तरी मायच म्हणाली होती, ‘व्हतंच ते.’ तिला तेच सांगितलं गेलं, तेच तिनं पुढं दिलं, गव्हाच्या पोत्याबरोबर. याच्यावर रागवायचं तरी कसं? आणि नाही रागवायचं तरी कसं?

निर्मला सहा दिवसांनी घरी आली. पुढं आणखी दोनदा सलाईन लागलं. पाचवा महिना संपता संपता एका सकाळी तिनं वरण-भात मागितला आणि तो पोटात राहिला. दिवाळीच्या आधी मुलगा झाला. तीन किलोचा, धडधाकट, आणि डोक्यावर एक केस नाही. पार तुळतुळीत. दाट केसांचं भाकीत करणाऱ्या बायका बारशाला आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘‘येतील की.’’

वर्षभरानं एकदा मिया बोलता बोलता म्हणाले, ‘‘वो दिनों में हम बहोत दिन फीका खाए.’’ मी विचारलं का, तर कळलं, खालांनी महिनाभर आमच्या भिंतीकडच्या चुलीवर कांदा परतला नव्हता. मसाल्याचं काही करायचं तर पलीकडच्या गच्चीवर शेगडी नेऊन करायच्या, बाकी दिवस फिकं. कुणाला सांगितलं नाही. निर्मलेला ठाऊक होतं. ‘‘वास यायचा बंद झाला तेव्हाच कळलं,’’ ती म्हणाली. मला ऑफिसभर मिरवता आलेला पराक्रम एक, आणि हा एक.

त्या वर्षी आमच्या घरी कुरडया झाल्या नाहीत. त्यानंतरही कधी झाल्या नाहीत. पाहुणे येतात, ताटात पापड असतो, कुरडई नसते. कुणीतरी जुनं माणूस हळूच विचारतंच, ‘‘यंदा कोणी गेलं का हो?’’ मी सांगतो, ‘‘नाही. जाता जाता राहिलं.’’

हे सगळं आज इतकं वर यायला नुसता शेजारचा वास कारण नाही. मंजू शेंद्र्याला असते. जावई अमोल तिथल्याच एका कारखान्यात आहे. सहा वर्षांची नात आहे, आणि मंजूला आता दुसऱ्या वेळी दिवस गेलेत. गेल्या आठवड्यापासून तिचं तेच सुरू झालंय. काल निर्मला तिला पाहून आली. मी आज सकाळी बंद खिडक्यांच्या आत बसलो होतो, डोक्यात सगळा तो उन्हाळा शिजत होता, आणि तेवढ्यात अमोलचा फोन आला. म्हणाला, ‘‘बाबा, काळजी करू नका. पहिले तीन महिने थोडं होतंच.’’

होतंच! मी खुर्चीतून उठलो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो गुन्हेगार माझ्या हातात आपण होऊन आला होता. मी त्याला असा धरला की विचारू नका. म्हटलं, ‘होतंच’ म्हणजे काय? तुम्हाला होतं का? बायको म्हणजे काय रीत आहे? तुमचा कारखाना एक दिवस बंद पडला तर दहा इंजिनियर धावतात, आणि इथं माणूस बंद पडत चाललाय तर ‘होतंच’? नातीला दुपारी कोण जेवू घालतं? कच्चे पोहे खाते का ते पाहिलंत? आवाज चढत गेला. निर्मला मेथी निवडत होती, तिचे हात थांबले. मग मी माझा राखून ठेवलेला प्रश्न काढला. तो प्रश्न मी इतकी वर्षं कुणासाठी तरी जपून ठेवला होता. ‘‘सांगा बरं, तिला लघवी शेवटची कधी झाली?’’

म्हटलं, आता अडकला.

‘‘सकाळी साडेसातला, बाबा,’’ अमोल शांतपणे म्हणाला. ‘‘काल चार वेळा झाली, परवा तीनदा. डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलंय, मी लिहितोय. आज सलाईनला घेऊन जातोय, रजा टाकलीय. पिल्लूचा डबा मीच केला. तेच सांगायला फोन केला होता.’’

मग, कुठंतरी थांबायलाच हवं होतं पण मी थांबलो नाही, म्हणालो, ‘‘ते ठीक आहे. पण शब्द जपून वापरत जा. लक्ष ठेवायला हवं. तुम्हा लोकांना अनुभव नसतो.’’

निर्मलेनं मेथीची जुडी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला.

‘‘अमोलराव, यांचं काही मनावर घेऊ नका,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही निदान गहू तरी नाही भिजवले.’’